पोटाबाहेरचे पचन

१८५३ साली बर्लिनमध्ये बावीस वर्षांचा एक तरुण वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडला. त्याच वर्षी त्याचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले, पण ते माणसांच्या आजारांवर नव्हते. ते होते पिकांवरच्या तांबेऱ्यावर आणि काणीवर. गव्हाच्या पानावर आणि काडीवर गंजासारखे ठिपके उठतात तो तांबेरा. ओंबीत दाण्याऐवजी काळी भुकटी भरते ती काणी. डॉक्टर झालेल्या मुलाने हे काय मांडले आहे, असे फ्रँकफर्टमधल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटले असेल तर नवल नाही. अँटोन डी बॅरी हे त्या तरुणाचे नाव. पुढची पस्तीस वर्षे तो मुख्यतः एकाच प्रश्नाच्या मागे राहिला: बुरशी जगते कशावर, आणि ते अन्न ती मिळवते कसे?

त्याचा जन्म २६ जानेवारी १८३१ चा. वडील डॉक्टर, घरात दहा मुले. लहानपणीच त्याला रानावनात भटकून झाडेपाने, शेवाळे, अळंबी गोळा करण्याचा नाद लागला आणि घरच्यांनी तो मोडून काढला नाही. फ्रँकफर्टमध्येच फ्रेसेनियस नावाचे एक डॉक्टर वनस्पतिशास्त्र शिकवत. सूक्ष्मदर्शकातून बुरशीकडे बघायची गोडी त्यांनी लावली. वैद्यकाचे शिक्षण हायडेलबर्ग, मारबुर्ग आणि बर्लिन अशा तीन ठिकाणी झाले. पदवीसाठीचा प्रबंधही त्याने वनस्पतींच्या लैंगिक प्रजननावर लिहिला! आज कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयात हे चालणार नाही. पण त्या काळी औषधे बहुतांशी वनस्पतींचीच असल्याने वनस्पतिशास्त्र हे वैद्यकाचे भावंडच मानले जाई. फ्रँकफर्टमध्ये त्याने थोडाच काळ दवाखाना चालवला. १८५४ मध्ये तो ट्युबिंगनला शिकवायला गेला आणि रुग्ण तपासण्याचे काम कायमचे सुटले.

डॉक्टरकी सुटली, तरी डॉक्टरी प्रश्न सुटला नाही. त्या वेळी पिकांच्या रोगांबद्दल मोठमोठ्या विद्वानांचे मत असे होते, की आधी झाड आजारी पडते, त्याचा रस नासतो आणि त्या नासलेल्या रसातून बुरशी उगवते. ऑस्ट्रियातील फ्रान्झ उंगर हा स्वतः डॉक्टर होता. त्याने १८३३ मध्ये तांबेऱ्याची तुलना चक्क माणसाच्या अंगावर उठणाऱ्या पुरळाशी केली होती. गोवरात पुरळ हे आजाराचे लक्षण असते, कारण नव्हे; तसेच पानावरच्या बुरशीचे, असा त्याचा हिशेब.

हा वाद केवळ पुस्तकी नव्हता. १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा आला. हिरवीगार शेते काही दिवसांत काळी पडली, जमिनीतले बटाटे सडले आणि हे पुढची काही वर्षे होत राहिले. बटाट्यावरच जगणाऱ्या त्या देशात सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि उपासमारीतून आलेल्या साथींनी मेली. त्याहून अधिक देश सोडून गेली. कुणी दमट हवेला दोष दिला, कुणी जमिनीला, कुणी बटाट्याचे वाणच म्हातारे झाले म्हटले. इंग्लंडमधील माइल्स बर्कली या धर्मोपदेशकाने बुरशीकडे बोट दाखवले, पण बहुतेकांना ते पटले नाही. बुरशी जर रोगाचा परिणाम असेल, तर तिच्याशी लढण्यात अर्थ नाही. ती कारण असेल, तर मात्र ती कुठून येते, आत कशी शिरते आणि काय खाते हे शोधून काढावेच लागते.

ती काय खाते हे समजायला तिचा देह कसा असतो ते आधी बघावे लागेल. हिरवी झाडे सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न बनवतात. प्राणी दुसऱ्याचे अन्न गिळतात आणि पोटात पचवतात. बुरशीला हरितद्रव्य नाही, तोंड नाही, पोटही नाही. तिचा देह म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक तंतूंचे जाळे. आपल्याला दिसते ती अळंबीची छत्री किंवा पावावरची काळी-हिरवी पूड हा केवळ बीजाणू तयार करणारा भाग. खरी बुरशी आत पसरलेली असते. प्रत्येक तंतूभोवती कायटिन या द्रव्याची भक्कम भिंत असते. झुरळाचे किंवा खेकड्याचे कवच ज्याचे असते तेच हे द्रव्य. अशा भिंतीतून घन अन्नाचा कण आत जाणे शक्य नाही. म्हणून बुरशी उलटा मार्ग धरते. ती आपले पाचक रस बाहेर सोडते. हे रस म्हणजे एन्झाइम्स, म्हणजेच विकरे. ती स्टार्चची साखर करतात, प्रथिनांची अमिनो आम्ले करतात, काही बुरशा तर लाकडातला सेल्युलोज आणि लिग्निनही फोडतात. हे सगळे पाण्यात विरघळले, की तंतू ते शोषून घेतात. आपण अन्न पोटात घालतो. बुरशी स्वतःच अन्नात शिरते आणि तिथेच पोट मांडते. जवळचे संपले की तंतूचे टोक पुढे वाढते.

स्वयंपाकघरातल्या बऱ्याच जुन्या सवयींचा उगम इथे आहे. बाहेर सोडलेला रस काम करायला आणि विरघळलेले अन्न परत आत यायला पाणी लागते. म्हणून पापड, मिरच्या, कडधान्ये उन्हात खडखडीत वाळवतात. लोणच्यातले मीठ आणि मुरांब्यातली साखर पाणी स्वतःकडे धरून ठेवतात. आजूबाजूला ओलावा असूनही बुरशीला तो मिळत नाही. आणि म्हणूनच पावाच्या एका कोपऱ्यावर ठिपका दिसला तर तेवढाच तुकडा काढून उरलेला खाणे बरोबर नाही. डोळ्यांना ठिपका दिसतो तोवर तंतू आत दूरवर गेलेले असतात. शेंगदाणे आणि मका यांवर वाढणाऱ्या एका बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताच्या कर्करोगाला कारण ठरते. भाजल्याने ते पूर्णपणे नाहीसे होत नाही. बुरसटलेले दाणे धुऊन-भाजून चटणीत ढकलण्याची काटकसर परवडणारी नाही.

डी बॅरीने १८६१ मध्ये बटाट्याच्या करप्यावर आपले काम प्रसिद्ध केले. निरोगी झाडांवर त्याने करप्याचे बीजाणू सोडले, काही झाडे तशीच ठेवली. बीजाणू पडलेली झाडे करपली, बाकीची टवटवीत राहिली. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला याहून महत्त्वाचे काही दिसले. ओल्या पानावर त्या बीजाणूंमधून इवलेसे पोहणारे जीव बाहेर पडत होते. पाण्याच्या थेंबात थोडा वेळ फिरून ते स्थिरावत, त्यांना कोंब फुटे आणि तो कोंब पानात शिरे. थंड, ओल्या हवेत करपा का भडकतो याचे उत्तर मिळाले: हवेने झाड नासत नव्हते, हवा बुरशीला पोहायला पाणी पुरवत होती. रॉबर्ट कॉकने अँथ्रॅक्सचा जिवाणू हेच त्या रोगाचे कारण असल्याचे सिद्ध केले ते १८७६ मध्ये, म्हणजे यानंतर पंधरा वर्षांनी. रोगजंतूंच्या इतिहासात डॉक्टरमंडळी कॉक आणि पाश्चर यांच्यापासून सुरुवात करतात. बटाट्याच्या शेताचा उल्लेख सहसा राहूनच जातो.

बटाट्याच्या या शत्रूला डी बॅरीने १८७६ मध्ये फायटॉप्थोरा हे नाव दिले. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ झाडांचा नाश करणारा. गंमत अशी, की आजच्या वर्गीकरणात ही खरी बुरशी नाही. तिचे नाते समुद्रातल्या तपकिरी शेवाळांशी अधिक जवळचे आहे. खाण्याची पद्धत मात्र हुबेहूब बुरशीची.

एका बाबतीत बटाट्याने त्याला दाद दिली नाही. करप्याचे जाड भिंतीचे, लैंगिक संयोगातून तयार होणारे बीजाणू कुठे असतात हे त्याला सापडेना. इंग्लंडमध्ये वर्दिंग्टन स्मिथ याने १८७५ मध्ये ते सापडल्याचे जाहीर केले आणि त्याबद्दल त्याला सुवर्णपदकही मिळाले. डी बॅरीने तपासून सांगितले, की हे बीजाणू करप्याचे नव्हेतच, दुसऱ्याच जीवाचे आहेत. आपल्याला न सापडलेली वस्तू दुसऱ्यालाही सापडलेली नाही असे म्हणणे अवघड असते. लोकांना त्यात मत्सर दिसतो. पण त्याचे निरीक्षण बरोबर होते. हे बीजाणू तयार व्हायला दोन वेगळे प्रकार एकत्र यावे लागतात आणि तेव्हाच्या युरोपात त्यांतला एकच पोहोचला होता. दुसरा प्रकार मेक्सिकोत असल्याचे १९५० च्या दशकात कळले.

तांबेऱ्याची गोष्ट याहून चमत्कारिक. बारबेरीचे झुडूप शेताच्या बांधावर असले की गहू तांबेरतो, असे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या म्हणत. ही बारबेरी म्हणजे आपल्याकडच्या दारुहळदीची युरोपीय बहीण. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये तर १७५५ मध्ये बारबेरी तोडण्याचा कायदाच झाला होता. विद्वानांना ही अडाणी समजूत वाटे. बारबेरीच्या पानावर नारिंगी ठिपके दिसत खरे, पण ती बुरशी वेगळी, गव्हाची वेगळी, असे पुस्तके सांगत. डी बॅरीने १८६५ मध्ये गव्हाच्या तांबेऱ्याचे हिवाळा काढलेले बीजाणू रुजवले आणि त्यांच्यापासून निघालेले नवे बीजाणू बारबेरीच्या पानांवर सोडले. नारिंगी ठिपके उठले. पुढच्या वर्षी बारबेरीवरचे बीजाणू त्याने धान्याच्या रोपांवर सोडले आणि तांबेरा आला. एकच बुरशी वर्षातला काही काळ एका घरी जेवते, काही काळ दुसऱ्या. शेतकरी बरोबर होते.

भारतात मात्र हे जसेच्या तसे लागू पडत नाही. आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी अनेक वर्षांच्या पाहणीतून दाखवले, की आपल्याकडच्या तांबेऱ्याला बारबेरीची गरज फारशी पडत नाही. मैदानातल्या उन्हाळ्यात तो मरतो. थंड डोंगराळ भागात टिकून राहतो आणि तिथून वाऱ्याबरोबर पुन्हा खाली उतरतो.

तांबेऱ्याची जेवणाची रीतही वेगळी आहे. तो पानाला मारत नाही. त्याचे तंतू पेशींच्या फटींमधून सरकतात आणि प्रत्येक पेशीत एक छोटासा कोंब खुपसतात. हा शोषक कोंब पेशीचा पडदा फाडत नाही, त्याला नुसता आत ढकलतो आणि त्या पडद्यापलीकडून साखर ओढत राहतो. दुभती गाय कुणी मारत नाही, तसेच हे. पान जिवंत असेतो जेवण चालू. डी बॅरीने अशा शोषकांचे बारकाईने वर्णन केले आणि हळूहळू त्याच्या हाती बुरशींची एक सरळ विभागणी आली. काही मेलेल्यावर जगतात, त्या मृतोपजीवी. काही फक्त जिवंतावर, त्या परोपजीवी. आणि काही दोन्हीकडे हात मारतात: एरवी सडलेल्या पालापाचोळ्यावर, संधी मिळाली तर जिवंत देहावर.

डॉक्टरांना सगळ्यात जास्त त्रास देतो तो हा तिसरा गट. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत काळी बुरशी हे नाव घरोघरी पोहोचले. म्युकर गटातल्या या बुरशा एरवी मातीत, कुजक्या फळांवर, शिळ्या पावावर मुकाट जगतात. त्यांचे बीजाणू आपल्या नाकात रोज जातात आणि काहीही होत नाही. पण रक्तातली साखर बेसुमार वाढलेली, स्टेरॉइड चालू, प्रतिकारशक्ती दबलेली अशा शरीरात त्यांना उकिरड्यावर मिळते तसेच, किंबहुना जास्तच चांगले अन्न मिळते. मग नाकापासून सायनस, डोळा आणि मेंदूपर्यंत त्या जातात. मधुमेहींनी साखर ताब्यात ठेवणे म्हणजे या बुरशीचे ताट काढून घेणे.

१८६७ मध्ये डी बॅरी हॅलेला गेला आणि १८७२ मध्ये स्ट्रासबुर्गला. युद्धात फ्रान्सकडून जर्मनीकडे आलेल्या त्या शहरात विद्यापीठ नव्याने उभे राहत होते. त्याचा पहिला कुलगुरू म्हणून त्याची निवड झाली. कारभाराच्या त्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. प्रयोगशाळेबद्दल आहे. रशिया, इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका, सगळीकडून विद्यार्थी तिथे येत.

१८७८ मध्ये कासेल येथील एका व्याख्यानात त्याने सिम्बायोसिस, म्हणजे सहजीवन, ही कल्पना मांडली. उदाहरण होते दगडफुलाचे. आपल्या गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल हे फूल नव्हे, एक वनस्पतीही नव्हे. बुरशीच्या जाळ्यात सूक्ष्म शेवाळाच्या पेशी अडकवलेल्या असतात. शेवाळ प्रकाशावर साखर बनवते आणि बुरशी त्यावर जगते. सहजीवन म्हणजे दोघांचाही फायदा, असे शाळेच्या पुस्तकांतून शिकवतात. डी बॅरीची व्याख्या एवढी गोड नव्हती. दोन भिन्न जीव एकत्र राहतात एवढेच त्याने धरले. त्यात परोपजीवीही आले. कुणाचा किती फायदा हा हिशेब त्याने मोकळा ठेवला आणि ते जास्त शहाणपणाचे होते. दगडफुलातली बुरशी शेवाळाला आसरा देते की वेठीला धरते, यावर आजही वाद घालता येतो.

त्याच्या हाताखाली शिकलेल्यांत पिएर मिलार्दे हा फ्रेंच होता. फ्रान्समधील बोर्दो परिसरात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांना भीती वाटावी म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडत. त्याच वेली केवडा रोगातून वाचल्याचे मिलार्देच्या लक्षात आले आणि १८८५ मध्ये त्याने बोर्डो मिश्रण जगापुढे मांडले. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना हे नाव सांगावे लागत नाही. ही फवारणी आधी का करावी लागते, याचे उत्तर डी बॅरीच्या कामात आहे. केवड्याचे बीजाणूही पानावरच्या पाण्यात पोहतात. तांबे त्यांना तिथेच गाठते. एकदा तंतू पानात शिरून जेवायला बसले, की वर बसलेला मोरचूद त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

१८८६ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, डी बॅरीने त्याच्या सगळ्या कामाचा गाभा म्हणता येईल असा प्रयोग प्रसिद्ध केला. गाजरासारख्या भाज्या सडवणारी स्क्लेरोटिनिया ही पांढरी बुरशी त्याने निवडली. तिच्या बीजाणूला फक्त पाणी दिले, तर त्याचा कोंब निरोगी झाडात शिरू शकत नव्हता. आधी मेलेल्या पदार्थावर पोसला गेला, की मग तो जिवंत झाडावर चाल करी. आणि चाल करी तीही विचित्र. बुरशीचा तंतू पोहोचण्यापूर्वीच पुढच्या पेशी मरून सुट्या झालेल्या दिसत. म्हणजे काहीतरी तिच्या पुढे धावत होते. डी बॅरीने सडलेल्या भागाचा रस पिळून काढला आणि निरोगी उतींवर घातला. बुरशी नसतानाही त्या मऊ पडल्या, पेशी एकमेकींपासून सुटल्या. तोच रस उकळून घातला, तेव्हा काहीच झाले नाही.

उकळल्यावर निकामी होणे ही एन्झाइमची ओळख. बुरशी आधी विष आणि पाचक रस पुढे पाठवते, पेशी मारते, जोडणीचा सिमेंट विरघळवते आणि मग तयार झालेले सार पिते, हे त्या उकळलेल्या आणि न उकळलेल्या रसाने दाखवून दिले. या बुरशीच्या हल्ल्यात ऑक्झॅलिक आम्लाचाही मोठा वाटा असतो, हे पुढच्या संशोधकांनी सिद्ध केले.

सरकारी रुग्णालयाच्या त्वचाविभागात पावसाळ्यात जी रांग लागते, तिचे मूळही असेच पोटाबाहेरच्या पचनात आहे. गजकर्णाची बुरशी कातडीच्या सर्वांत वरच्या, मेलेल्या थरातले केराटिन हे प्रथिन बाहेर रस सोडून फोडते आणि खाते. केस आणि नखेही केराटिनचीच, म्हणून तिथेही ती घर करते. खाज आणि लाली ही बरीचशी आपल्या शरीराने उभारलेल्या लढाईची. दुकानातून आणलेल्या मिश्र मलमातले स्टेरॉइड ही लढाईच थांबवते. दोन दिवसांत खाज कमी होते, रुग्ण खूश होतो आणि बुरशी निवांत जेवत पसरते. अंग, विशेषतः जांघा आणि बोटांच्या बेचक्या, कोरड्या ठेवणे आणि डॉक्टरांनी दिलेले बुरशीनाशक औषध डाग गेल्यावरही सांगितले तितके दिवस घेणे याला पर्याय नाही.

स्क्लेरोटिनियाचे काम छापून झाल्यानंतर डी बॅरीला फार दिवस मिळाले नाहीत. जबड्यात गाठ वाढली. शस्त्रक्रिया झाली, पण उपयोग झाला नाही. १९ जानेवारी १८८८ रोजी, सत्तावन्नाव्या वाढदिवसाला आठवडा उरला असताना, स्ट्रासबुर्गमध्ये तो वारला.

त्याच्या प्रयोगशाळेत त्या शेवटच्या वर्षांत सेर्गेई विनोग्राडस्की नावाचा एक रशियन तरुण काम करत होता. गंधकाच्या पाण्यात वाढणारे धाग्यासारखे जिवाणू काय खातात, हा त्याचा प्रश्न. उत्तर निघाले, की ते ना सूर्यप्रकाशावर जगतात ना दुसऱ्याच्या देहावर. सडक्या अंड्याच्या वासाच्या हायड्रोजन सल्फाइड वायूवर ते आपली गुजराण करतात. डी बॅरी गेल्यावर विनोग्राडस्कीने स्ट्रासबुर्ग सोडले आणि झुरिकला जाऊन तो मातीतल्या, अमोनियावर जगणाऱ्या जिवाणूंच्या मागे लागला.